गहाण सोडवायची शेवटची तारीख

मुंबई उच्च न्यायालय सुरू होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. त्या वेळी, १८६४ साली, तिथे ‘रामजी विरुद्ध चिंतो’ असा खटला आला. कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या कानावरून हे नाव एकदा जातं आणि परीक्षा झाली की पुसलं जातं. माझ्या डोक्यातून ते गेलं नाही, कारण पुढची सगळी नोकरी त्यातल्याच भांडणात गेली. आपल्याकडे त्या काळी ‘गहाण लहाण’ नावाचा करार सर्रास होत असे. कर्ज घ्यायचं, घर किंवा जमीन गहाण टाकायची आणि कागदात मुदत घालायची, की अमुक दिवसापर्यंत पैसे फिटले नाहीत तर हेच गहाणखत खरेदीखत समजावं. मुदत टळली की सावकार मालक. मुंबईच्या कोर्टाने ठरवलं की मुदत टळली तरी गहाण हे गहाणच. कर्जदार रक्कम घेऊन आला तर मिळकत सोडलीच पाहिजे.

हा विचार इंग्लंडातल्या न्यायालयांचा होता आणि तो आपल्या करारांना लावावा की नाही, यावर बरीच वर्षं वाद झाला. १८७० साली मद्रासच्या एका प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने तो नापसंत केला. मुंबईने आपली वाट सोडली नाही. पुढे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६० मध्ये गहाण सोडवण्याचा हक्क लिहून निघाला, पण मुंबई इलाख्याला तो कायदा लागू व्हायला १ जानेवारी १८९३ उजाडलं. गहाण सोडवण्याचा दावा लावायला मुदतीच्या कायद्याने साठ वर्षं दिलेली होती. आजोबांनी टाकलेलं गहाण नातवाने सोडवावं, इतका ऐसपैस वेळ. १९६३ मध्ये त्याची तीस वर्षं झाली.

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या विधी आणि वसुली खात्यात नोकरी केली. निवृत्त झाल्यापासून थकलेल्या कर्जदारांचे कागद वाचून देते. कारखाने, गाळे, ऑफिसं, एखादा मॉल. दोन्हीकडून बघितल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे: आपल्या कर्जवसुलीच्या कायद्याचा सगळा इतिहास एका तारखेच्या ओढाताणीचा आहे. कोणत्या दिवसापर्यंत पैसे आणले तर इमारत परत मिळते? रामजीच्या खटल्याने ही तारीख जवळजवळ क्षितिजापर्यंत नेली. तेव्हापासून ती सरकत सरकत अलीकडे आली आहे, आणि आता ती कुठे येऊन थांबली आहे हे बहुतेक कर्जदारांना कळतं तेव्हा ती उलटून गेलेली असते.

दख्खनच्या शेतकऱ्यांनी मे १८७५ मध्ये सुप्याला सावकारांची खतं जाळली, १८७९ मध्ये त्यांच्यासाठी वेगळा कायदा आला, हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. शहरातल्या व्यापाऱ्याला त्यातलं काही मिळालं नाही. त्याला आधार होता तो दामदुप्पटीचा: एका वेळी वसूल होणारं व्याज मुद्दलापेक्षा जास्त असू नये, हा जुना हिंदू कायद्याचा नियम मुंबई इलाख्यातली कोर्टं पाळत असत. १९८४ मध्ये बँकिंग कायद्यात कलम २१ए आलं आणि बँकेने लावलेलं व्याज जास्त आहे म्हणून हिशेब उघडायची कोर्टाला बंदी झाली. माझ्यासमोर कितीतरी पार्ट्यांनी, म्हणजे कर्जदारांनी, दामदुप्पटीचं नाव काढलं. आजोबांकडून ऐकलेलं असायचं. मी २१ए दाखवायची.

मुंबईत तारणावर बुडणं ही धनकोचीही जुनी परंपरा आहे. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ नंतर इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि तो पैसा समुद्र हटवायला निघालेल्या कंपन्यांत गेला. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा शेअर दर्शनी किमतीच्या कित्येक पटींनी विकला जात होता. त्या शेअरांवर कर्ज द्यायला बँक ऑफ बॉम्बे पुढे होती. १८६३ च्या नव्या कायद्याने तिच्यावरचे जुने निर्बंध सैल केले होते. नीट पाहिलं तर ते जमिनीवरचंच कर्ज होतं, फक्त जमीन अजून पाण्याखाली होती. १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध थांबलं, कापूस पडला आणि जुलैमधली वायद्यांची फेड कुणालाच जमली नाही. शेअर बाजारातले बडे दलाल प्रेमचंद रायचंद यांच्यासारखा माणूस बुडाला. त्यांनी भर बहरात दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर मात्र राहिला. बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळली गेली, सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी बसली आणि त्याच वर्षी त्याच नावाची नवी बँक निघाली. वसुली खात्यात नवा अधिकारी आला की मी त्याला ही गोष्ट सांगायची. तारण काय, हे विचारण्याआधी ते आज कुठे आहे आणि त्यावर कोण बसलंय, ते विचार.

फोर्टातल्या बँकांनी यातून जो धडा घेतला तो कागदाचा होता. मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि सरकारने जाहीर केलेली शहरं, एवढ्याच ठिकाणी मिळकतीचे मूळ दस्त बँकेच्या हातात ठेवून गहाण करता येत असे. नोंदणी नको, लांबलचक गहाणखत नको. मिळकत कुठेही असली तरी चाले. दस्त हवाली करण्याची क्रिया मात्र त्या शहरात व्हायला हवी. म्हणून बाहेरगावच्या जिनिंग फॅक्टरीचे किंवा तेलघाण्याचे दस्त पिशवीत घालून मालक रात्रीच्या गाडीने बोरीबंदरला उतरायचा. मी लागले तेव्हाही हे चालू होतं. पार्टी समोर बसायची, ‘मुंबईच्या शाखेत येऊन स्वखुशीने मूळ दस्त हवाली केले’ अशा मजकुराची नोंद आम्ही दुसऱ्या दिवशीच्या तारखेने रजिस्टरात करायचो. दुसऱ्या दिवशीच्या, कारण नोंद ही गहाणाची आठवण असली पाहिजे. तीच गहाण ठरली तर मुद्रांक आणि नोंदणी दोन्ही मागे लागतात. त्या नोंदीवर पार्टीची सही घ्यायची नाही, हे आमच्या जुन्या हेडक्लार्कनी बजावून सांगितलेलं. नंतर रंगीत झेरॉक्स आल्या आणि एकाच गाळ्याचे ‘मूळ’ दस्त दोन-तीन बँकांच्या तिजोऱ्यांत निघू लागले. २०११ मध्ये देशभरातल्या तारणांची केंद्रीय नोंद सुरू झाली. २०१३ पासून महाराष्ट्रात अशा गहाणाची सूचना तीस दिवसांत दुय्यम निबंधकाकडे द्यावी लागते. रात्रीच्या गाडीचे दिवस गेले.

मुंबईला कायद्याने आणखी एक वेगळेपण दिलं होतं. १८८२ च्या कायद्याचं कलम ६९ म्हणतं की काही ठरावीक गहाणांत धनको कोर्टात न जाता मिळकत विकू शकतो. एक प्रकार ‘इंग्लिश मॉर्गेज’चा, पण त्यात दोन्ही पक्षांपैकी कुणी हिंदू, मुसलमान किंवा बौद्ध असता कामा नये. धर्म बघून लिलाव करणारं ते कलम अजून पुस्तकात आहे. दुसऱ्या प्रकाराला धर्माची अट नाही: मिळकत मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा शहरात असावी आणि विक्रीचा अधिकार दस्तात स्पष्ट लिहिलेला असावा. तीन महिन्यांची लेखी नोटीस द्यायची आणि लिलाव पुकारायचा.

असाच कोर्टाबाहेरचा एक लिलाव वाद होऊन सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. ‘नारनदास करसनदास विरुद्ध एस. ए. कामतम’, १९७६. बोली लागली होती, हातोडा पडला होता, खरेदीदार ठरला होता. तेवढ्यात मूळ मालक पैसे घेऊन आला. न्यायालयाने सांगितलं की हातोडा पडल्याने मालकी जात नाही. विक्रीखत नोंदेपर्यंत गहाण सोडवता येतं. म्हणजे शेवटची तारीख सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत जाऊन बसली. आमच्या खात्यात या निकालाचा धसका असे. लिलावाची सगळी धावपळ झाली तरी पार्टी कधी पैसे घेऊन उगवेल याचा नेम नसायचा, आणि लिलावात घेणाऱ्यालाही हे ठाऊक असल्यामुळे तो बोली हात राखून लावायचा. कर्जदाराची ढाल त्याच्याच मिळकतीचा भाव पाडत होती, असं मी तेव्हाही म्हणत असे. आमच्या वकिलांना ते पटायचं, पार्ट्यांच्या वकिलांना नाही.

बहुतेक प्रकरणं मात्र लिलावापर्यंत पोहोचतच नसत. १९६९ मध्ये चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झाल्यावर उद्योगांना कर्जं वाढली आणि त्याबरोबर दावेही. बँक उच्च न्यायालयात दावा लावायची, कोर्ट रिसीव्हर नेमला जायचा आणि मग मुंबईचा खास तोडगा निघायचा: रिसीव्हरने ताबा घ्यायचा आणि ज्याच्याकडून घेतला त्यालाच आपला एजंट म्हणून आत बसवायचं, दरमहा रॉयल्टी आणि काही अनामत घेऊन. काल जो कारखान्याचा मालक होता तो आज कोर्टाचा एजंट. खुर्ची तीच, चहावाला तोच. फक्त दारावर रिसीव्हरची पाटी. या व्यवस्थेला हसणारे पुष्कळ होते. मला ती शहाणपणाची वाटायची. बंद कारखान्याला भाव येत नाही, यंत्रं गंजतात, तांब्याच्या तारा रात्रीतून गायब होतात. आत कुणी बसलेलं बरं. गैरसोय एवढीच की एजंट बारा-पंधरा वर्षं बसायचा. रॉयल्टी थकवायचा, मग ती वसूल करायला वेगळा अर्ज.

गिरण्यांचं प्रकरण तर निराळंच. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले तेव्हा बँकांचे पैसे अडकले होते ते कापसात, सुतात, कापडाच्या गाठींत आणि यंत्रांत. गोदामाच्या दाराला बँकेचं कुलूप, बाहेर ‘बँकेकडे तारण’ अशी पाटी. गिरणीची जमीन तारणात असली तरी तिची किंमत वहीत कुठल्या जमान्यातली असायची देव जाणे. कोणी तिच्याकडे जमीन म्हणून बघतच नव्हतं. गिरणी ज्यावर उभी आहे ती जागा, एवढंच.

१९८५ मध्ये आजारी उद्योगांचा कायदा आला आणि १९८७ पासून दिल्लीला त्याचं मंडळ बसू लागलं. पूर्ण नाव कुणीच घेत नसे. सगळे ‘बायफर’ म्हणत. कंपनीचा साठलेला तोटा तिच्या नक्त मालमत्तेएवढा झाला की तिने बायफरकडे जायचं. तिथे नोंद झाली की कलम २२ लागायचं: जप्ती नाही, रिसीव्हर नाही, दाव्याची अंमलबजावणी नाही, मंडळाच्या परवानगीशिवाय काहीच नाही. हेतू आजारी कंपनी वाचवण्याचा होता. व्यवहारात पार्टीचा वकील कोर्टात उठून उभा राहायचा, ‘माय लॉर्ड, आम्ही बायफरमध्ये आहोत,’ म्हणायचा आणि आमची फाइल वर्षभर गार. गहाण सोडवायची तारीख आता कायद्याने लांबवावी लागत नव्हती. ती आपोआप दिल्लीला जाऊन झोपत होती.

या झोपेत मध्य मुंबईचे भाव जागे झाले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ ने गिरण्यांची जमीन विकायला वाट दिली: एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला, उरलेली मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने हा हिशेब फक्त रिकाम्या जागेपुरता ठेवला आणि मग भांडण उच्च न्यायालयात गेलं. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने दुरुस्तीच्या विरोधात कौल दिला, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. दरम्यान २००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने आपल्या पाच गिरण्या लिलावात विकल्या. ज्युपिटर २७६ कोटी, अपोलो १८० कोटी, मुंबई टेक्सटाइल ७०२ कोटी, कोहिनूर (क्रमांक ३) ४२१ कोटी, एल्फिन्स्टन ४४१ कोटी ७५ लाख. बेरीज २,०२० कोटींच्या वर जाते. मी हे आकडे वर्तमानपत्रात वाचले तेव्हा मला दुसऱ्याच एका खासगी गिरणीची आमची फाइल आठवली, जिच्यात तारण म्हणून लूम्सची यादी पानंच्या पानं भरली होती आणि जमिनीला अर्धी ओळ.

धनको आणि ऋणको यांच्या या ओढाताणीत तिसरा कायम खाली राहायचा. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की कंपनी गुंडाळताना कामगारांचंही ऐकलं पाहिजे, आणि १९८५ मध्ये कंपनी कायद्यात कलम ५२९ए घातलं गेलं. त्याने कामगारांची देणी तारणधारक बँकेच्या बरोबरीने आली. आमच्यातल्या काहींना ते अन्यायाचं वाटे. मी गिरगावात वाढले, आमच्या चाळीत मागच्या बाजूला दोन खोल्या गिरणी कामगारांच्या होत्या; मला त्यात वावगं काही दिसलं नाही.

तोवर देशभरच्या बँकांना थकलेल्या कर्जांची खरी मोजदाद करणं भाग पडलं होतं. बँक सुधारणांवरच्या नरसिंहम समितीनंतर १९९३ मध्ये नियम लागू झाला की चार तिमाही व्याज आलं नाही तर खातं अनुत्पादक धरायचं. मग तीन तिमाही, मग दोन. २००४ पासून नव्वद दिवस. याच १९९३ मध्ये दहा लाख रुपयांवरच्या बँकांच्या दाव्यांसाठी कर्जवसुली न्यायाधिकरणाचा कायदा झाला. तो दिल्लीच्या उच्च न्यायालयाने १९९५ मध्ये घटनाबाह्य ठरवला, सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये वैध ठरवला, आणि मुंबईचं न्यायाधिकरण सुरू झालं १९९९ मध्ये. उच्च न्यायालयातल्या आमच्या फाइली तिकडे टेम्पोने गेल्या. काहींच्या पानांना वाळवी लागलेली.

२१ जून २००२ ला सरफेसीचा वटहुकूम निघाला आणि सगळं उलटं झालं. आता बँकेला कोर्टाची पायरीच चढायची नव्हती. साठ दिवसांची नोटीस, मग ताबा, मग लिलाव. कर्जदाराला वाटलं तर त्याने न्यायाधिकरणात यावं, तेही मागणीच्या ७५ टक्के रक्कम भरून. ही अट ८ एप्रिल २००४ ला मार्डिया केमिकल्सच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, बाकी कायदा उचलून धरला. त्या दिवशी आमच्या मजल्यावर कुणीतरी पेढे आणले होते. मी एक खाल्ला.

ताबा कसा घेतला जातो हे ज्यांनी बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आधी सांकेतिक ताबा: दारावर नोटीस चिकटवायची, फोटो काढायचा, सात दिवसांत दोन वर्तमानपत्रांत छापायची, त्यातलं एक मराठी. ‘ज्याअर्थी’ने सुरू होणारी आणि ‘सदर मालमत्तेशी कोणताही व्यवहार करू नये’ असं बजावणारी ती लांब, बारीक टायपातली चौकट मुंबईकरांनी पाहिलेली असते, वाचलेली नसते. नंतर प्रत्यक्ष ताबा. पार्टीने विरोध केला तर किल्ला कोर्टातून दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणायचा आणि पोलीस बंदोबस्तात जायचं. अंधेरी पूर्वेला आम्ही एका निर्यातदाराचा अख्खा मजला घेतला होता. सकाळची वेळ. मुली कॉम्प्युटरवर बसलेल्या, खिडकीत डबे ओळीने. आम्ही आत गेलो तेव्हा त्यांना वाटलं इन्कम टॅक्सवाले आले. मालकाने आपल्या माणसांना आदल्या दिवसापर्यंत सांगितलं नव्हतं. पंचनामा लिहायला तीन तास लागले: टेबलं, खुर्च्या, दोन एसी, लोखंडी कपाट एक, त्यात चालू फाइली, गणपतीची तसबीर एक. ‘तसबीर तेवढी घेऊ का, मॅडम?’ मालकाने विचारलं. घेऊ दिली. पंचनाम्यात खाडाखोड नको म्हणून ती ओळ तशीच राहिली, शेजारी ‘परत दिली’ असं लिहून सगळ्यांच्या सह्या.

डबे मुलींनी आपापले नेले. पगाराचं काय, हा प्रश्न त्या माझ्याकडे बघून विचारत होत्या.

सरफेसीचं कलम १३(८) तेव्हा म्हणत होतं की विक्री किंवा हस्तांतरणासाठी ठरलेल्या तारखेआधी कधीही सगळी रक्कम भरली तर मिळकत सोडायची. म्हणून लिलावाच्या सकाळी डिमांड ड्राफ्ट घेऊन धावत येणारी पार्टी हा आमच्याकडचा नेहमीचा देखावा. मेहुण्याचे, सोसायटीतल्या मित्राचे, बायकोच्या दागिन्यांचे पैसे. खरं सांगायचं तर बँकेलाही हेच हवं असायचं. लिलाव हा धाक होता. पैसे यायचे ते या सकाळच्या धावपळीतून किंवा तडजोडीतून. जुलै २००० मध्ये रिझर्व्ह बँकेने पाच कोटींपर्यंतच्या थकीत खात्यांसाठी एकरकमी तडजोडीचं सूत्र दिलं होतं. ज्या दिवशी खातं संशयित ठरलं त्या दिवसाची बाकी धरायची, पुढचं व्याज सोडायचं, पाव रक्कम आधी, उरलेली वर्षभरात. त्यामुळे बँकेत सही करणाऱ्याच्या मनातली भीती गेली. आधी कुठलाही अधिकारी सूट द्यायला धजत नसे, न जाणो पुढे दक्षता खात्याची चौकशी लागेल.

सहकारी बँकांची वाट वेगळी होती. सहकार कायद्याच्या कलम १०१ चा दाखला आणायचा, मग वसुली अधिकाऱ्याने जप्ती करायची. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्यात ‘एकशे एकचा दाखला’ म्हटलं की माणसाचा चेहरा उतरतो. या बँकांना सरफेसी वापरता येतं का, हा वाद कोल्हापूरकडच्या मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेला आणि मे २०२० मध्ये पाच न्यायमूर्तींनी ‘येतं’ असं सांगितलं. भाडेकरूंचा वाद मुंबईचाच. गहाण पडलेल्या इमारतीत पागडीवर बसलेल्या दुकानदाराला बँक हाकलू शकते का? जानेवारी २०१६ मध्ये विशाल कलसारिया प्रकरणात न्यायालयाने भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण सरफेसीने संपत नाही असं ठरवलं. लगेच जुन्या तारखांचे भाडेकरार बाहेर येऊ लागले, ते निराळं.

आणि मग तारीख हलली, तीही एका दुरुस्तीतल्या चार-पाच शब्दांनी. १ सप्टेंबर २०१६ पासून कलम १३(८) बदललं: लिलावाची जाहीर नोटीस छापली जाण्याच्या आधी पैसे भरले तरच गहाण सुटेल. त्याचा खरा अर्थ काय यावर सात वर्षं कोर्टांची मतं वेगळी पडत राहिली. २१ सप्टेंबर २०२३ ला ‘सेलीर विरुद्ध बाफना मोटर्स’ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. नवी मुंबईतली मालमत्ता, भाड्याच्या उत्पन्नावर घेतलेलं मोठं कर्ज, आधीचे लिलाव फुकट गेलेले. शेवटी १०५ कोटी ५ लाखांना बोली लागली. त्यानंतर कर्जदाराने १२९ कोटी देऊ केले आणि उच्च न्यायालयाने ते घ्यायला सांगितलं. बँकेला चोवीस कोटी जास्त मिळत होते. सर्वोच्च न्यायालयाने तरीही लिलावात घेणाऱ्याच्या बाजूने कौल दिला: नोटीस प्रसिद्ध झाली तेव्हाच सोडवण्याचा हक्क संपला. १९७६ मध्ये जी तारीख नोंदणी कचेरीत होती ती आता वर्तमानपत्राच्या पानावर आहे. न्यायालयाचं म्हणणं मला समजतं. लिलावाला किंमत राहायची तर घेणाऱ्याला खात्री हवी. पण १०५ आणि १२९ या दोन आकड्यांकडे बघून अजून माझं समाधान होत नाही.

दिवाळखोरीच्या संहितेने तर दारच वेगळं केलं. १ डिसेंबर २०१६ ला तिची कंपन्यांसाठीची कलमं लागू झाली आणि त्याच दिवशी जुना आजारी उद्योगांचा कायदा गेला, बायफर संपलं. आता कंपनी धनकोंच्या समितीच्या हातात जाते. नोव्हेंबर २०१७ मध्ये कलम २९ए आलं: ज्याने कंपनी थकवली त्या प्रवर्तकाला ती परत विकत घेता येत नाही. छोट्या उद्योगांना यात थोडी सूट आहे. बाकीच्यांसाठी एक फट राहिली, २०१८ च्या कलम १२ए ची. समितीतल्या नव्वद टक्के मतांनी प्रकरण मागे घेता येतं. नव्वद टक्के गोळा करायचे म्हणजे प्रत्येक बँकेच्या दारात जायचं. रामजीला एका चिंतोचे पैसे द्यायचे होते.

मागच्या पावसाळ्यात वसईकडचा एक गाळेवाला माझ्याकडे आला. प्लास्टिकच्या मोल्डिंगचं काम, करोनात मोडलेलं. तो अगदी निर्धास्त होता, कारण त्याच्या काकांनी वीस वर्षांपूर्वी लिलावाच्या सकाळी ड्राफ्ट भरून आपला गाळा वाचवला होता. ‘आपणही तसंच करू ना, मॅडम?’ मी आधी विचारलं, विक्रीची नोटीस पेपरात आली का? नव्हती आली, ताब्याची आली होती, आणि त्याला दोन्ही एकच वाटत होत्या. त्याच संध्याकाळी आम्ही बँकेला पत्र दिलं की गिऱ्हाईक आम्ही आणतो, खासगी विक्रीला संमती द्या. शेजारच्याच गाळ्यातला पॅकेजिंगवाला तयार झाला. बँकेने व्हॅल्युअरचा आकडा धरून घासाघीस केली, व्याजातलं थोडं सोडलं, आणि तिघांचा करार होऊन पैसे थेट कर्जखात्यात गेले. गाळा गेलाच. पण मोल्डिंगची दोन यंत्रं आणि राहतं घर तारणातून सुटलं, आणि चार लाख हातात आले. नोंदणीच्या दिवशी सर्व्हर बंद होता. आम्ही सगळे, पार्टी, खरेदीदार आणि बँकेचा पोरगेला अधिकारी, चार वाजेपर्यंत बाकावर बसून होतो, आणि खरेदीदार मुद्रांक शुल्काच्या नावाने सरकारला शिव्या घालत होता.